सोन्याच्या ग्रेटिंगचं मॉडेल: टीईचे आकडे स्थिर, टीएमचे क्रम वाढवले तरी हलतात

खोबणी१२०० (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

सोन्याच्या परावर्तक ग्रेटिंगची (समांतर बारीक खोबण्यांचा आरसा, जो प्रकाश ठरावीक दिशांना, म्हणजे 'क्रमां'त, विभागतो) कार्यक्षमता, म्हणजे कोणत्या क्रमात किती प्रकाश जातो ते, काढण्यासाठी पायथॉनमध्ये आरसीडब्ल्यूए, म्हणजे फूरिये मोडल पद्धत, लिहितो आहे. सूत्रं मोहरम-गेलॉर्ड गटाच्या १९९५ च्या मांडणीतली, जशीच्या तशी घेतली आहेत.

रचना अशी: मिलिमीटरला १२०० रेषा, म्हणजे पिरियड ८३३.३३ नॅनोमीटर. खोबणी आयताकृती, खोली ६० नॅनोमीटर, पिरियडच्या निम्म्या भागात धातू. खाली जाड सोनं, वर हवा. हीलियम-निऑन लेसर, ६३२.८ नॅनोमीटर. जॉन्सन-क्रिस्टी यांच्या तक्त्यातून सोन्याचा अपवर्तनांक ०.१८३ + ३.४३३ आय. आपतन प्रतल रेषांना लंब, कोन ० ते ४० अंश, दर अर्ध्या अंशाला एक बिंदू. फूरिये गुणक एफएफटीने काढतो, पिरियडवर २५६ नमुने.

टीईमध्ये (विद्युत क्षेत्र रेषांना समांतर) −१० ते +१० क्रम घेतले काय आणि −२० ते +२० घेतले काय, फरक नगण्य. टीएममध्ये (चुंबकीय क्षेत्र रेषांना समांतर) मात्र १०, २०, ४०, ८० असं वाढवत गेलं तरी १६-१७ अंशांच्या आसपासचा परावर्तनातला खड्डा जागा आणि खोली दोन्ही बदलत राहतो. ४० च्या पुढे मधूनच परावर्तन १ च्या वर जातं किंवा उत्तर 'नॅन' (संख्याच नाही) येतं.

प्रश्न चार. क्रम आणखी वाढवत राहायचं का? धातू प्रकाश शोषतो, त्यामुळे सगळ्या क्रमांची बेरीज १ येणारच नाही, मग उत्तर बरोबर हे ओळखायचं कशावरून? हे सोडून सरळ मीप या प्रणालीत एफडीटीडी (क्षेत्र जाळीवर, वेळेच्या पायऱ्यांनी मोजणारी पद्धत) करावं का? आणि शेवटचं, प्रत्यक्षातली ग्रेटिंग होलोग्राफिक आहे, म्हणजे खोबणीचा आकार साइन लाटेसारखा. तिचे आडवे काप करून हाच कोड चालेल का?

---

फूरियेमित्र

क्रम वाढवत बसू नका. दुखणं क्रमांच्या संख्येचं नाही, गुणाकाराच्या नियमाचं आहे.

टीईमध्ये विद्युत क्षेत्र खोबणीच्या भिंतीला समांतर असतं, म्हणून भिंत ओलांडताना ते अखंड राहतं. पारविद्युत स्थिरांक उडी मारतो, क्षेत्र मारत नाही. अशा दोन फलनांचा गुणाकार फूरिये मालिकेत नेहमीच्या कन्व्होल्यूशनने, म्हणजे टोप्लिट्झ मॅट्रिक्सने (प्रत्येक कर्णरेषेवर एकच फूरिये गुणक असलेल्या) केला तर काही बिघडत नाही. टीएममध्ये भिंतीला लंब असलेला घटक येतो. तुमच्या सोन्याचा पारविद्युत स्थिरांक या तरंगलांबीला साधारण −११.७५ + १.२६ आय आहे. म्हणजे लंब क्षेत्र भिंतीवर सुमारे बारापट उडी मारतं, तीही चिन्ह बदलून, आणि बरोबर त्याच जागी स्थिरांकही उडी मारतो. दोघांचा गुणाकार, म्हणजे विद्युत विस्थापन, मात्र अखंड असतो. मर्यादित पदांच्या दोन तुटक मालिका गुणून अखंड फलन मिळवायचं म्हटलं की भिंतीपाशी चूक साचते, आणि पदं वाढवली तरी ती फार हळू ओसरते.

यावरचा उपाय १९९६ साली एकाच सुमारास दोन ठिकाणांहून आला: लालान आणि मॉरिस, तसंच ग्रॅने आणि गिझाल. असं का होतं याचं गणित लिफेंग ली यांनी त्याच वर्षी मांडलं. त्यांचे नियम थोडक्यात असे: उड्या एकाच जागी नसतील तर नेहमीचा (लॉरां) नियम. एकाच जागी असून गुणाकार अखंड असेल तर व्यस्त नियम, म्हणजे '१ भागिले स्थिरांक' याचं टोप्लिट्झ मॅट्रिक्स करून मग त्या मॅट्रिक्सचा व्यस्त घ्यायचा. एकाच जागी उड्या असून गुणाकारही तुटक असेल तर दोन्ही नियम लागू नाहीत, तिथे समीकरणच वेगळ्या रीतीने मांडावं लागतं.

तुमच्या कोडमध्ये बदल दोन जागी करायचा आहे. बहुतेक जण पहिला करतात आणि दुसरा विसरतात.

पहिली जागा आयगेन समीकरणाची. स्थिरांकाच्या टोप्लिट्झला 'ई' म्हणू आणि व्यस्त स्थिरांकाच्या टोप्लिट्झला 'ए'. जुन्या मांडणीत टीएमचं मॅट्रिक्स आहे ई × (के × ई-व्यस्त × के − एकक). इथे 'के' म्हणजे क्रमांच्या आडव्या तरंगांकांचं कर्ण मॅट्रिक्स. त्यातला कंसाबाहेरचा 'ई' काढा आणि तिथे 'ए-व्यस्त' घाला. कंसातल्या ई-व्यस्तला हात लावू नका. तो उभ्या घटकासाठी आहे, उभा घटक भिंतीला समांतर असतो, तिथे लॉरां नियमच बरोबर.

दुसरी जागा सीमा-अटींची. आडव्या विद्युत क्षेत्राचं 'व्ही' मॅट्रिक्स जुन्या मांडणीत ई-व्यस्त × डब्ल्यू × क्यू आहे (डब्ल्यू म्हणजे आयगेन सदिश, क्यू म्हणजे आयगेन मूल्यांची वर्गमुळं). तिथे ए × डब्ल्यू × क्यू हवं. हे राहिलं तर मोड बरोबर येतात, पण थरांच्या सीमेवर ते नीट जुळत नाहीत. आलेख गुळगुळीत दिसतो आणि उत्तर चुकलेलं असतं, त्यामुळे हे लवकर ध्यानात येत नाही.

आयताकृती खोबणीला एफएफटी वापरू नका. २५६ नमुन्यांत एक घर ३.२६ नॅनोमीटरचं होतं, त्यामुळे धातूची रुंदी त्याच्या पटीतच बसते, आणि वरच्या गुणकांत एलियासिंग (नमुने कमी पडल्याने गुणकांची सरमिसळ) शिरतं ते वेगळंच. शिवाय क्रम −८० ते +८० असतील तर टोप्लिट्झला −१६० ते +१६० पर्यंतचे गुणक लागतात. २५६ नमुन्यांत ते नसतातच, एफएफटी गुंडाळून भलतेच गुणक हाती देते. सूत्र सरळ आहे: शून्यावा गुणक म्हणजे भारित सरासरी, आणि एन-वा गुणक म्हणजे दोन स्थिरांकांतला फरक × साइन(पाय × एन × भरणप्रमाण) / (पाय × एन). भरणप्रमाण म्हणजे पिरियडचा धातूने व्यापलेला अंश. व्यस्त स्थिरांकालाही हेच सूत्र.

आता चिन्ह. त्या १९९५ च्या मांडणीत काळाचा घटक धन घातांकाचा आहे, म्हणून तिथे धातूचा अपवर्तनांक 'एन वजा जे के' असा भरायचा असतो (इथे एन आणि के हे अपवर्तनांकाचे वास्तव आणि काल्पनिक भाग, वरचं 'के' मॅट्रिक्स नव्हे). तक्त्यातला 'अधिक आय' घालून सूत्रं जशीच्या तशी ठेवलीत तर तुमचं सोनं प्रकाश शोषण्याऐवजी वाढवतं. परावर्तन १ च्या वर जाण्याचं एक कारण हेच असू शकतं. चाचणी सोपी आहे: भरणप्रमाण १ करा, थर ३०० नॅनोमीटर सोन्याचा, खाली काच, आपतन लंब. परावर्तन ९४.४ टक्के यायला हवं. १०५.९ टक्के आलं (०.९४४ चा व्यस्त) तर चिन्ह उलटं आहे. अर्ध-अनंत सोन्यावर ही चाचणी करू नका. तिथे वर्गमुळाची शाखा चुकली तर दोन चुका एकमेकींना खातात आणि ९४.४ च दिसतं.

---

थररचना

वरच्याला जोड म्हणून 'नॅन'बद्दल.

क्रम −१०० ते +१०० घेतले तर सर्वांत वरच्या क्रमाचा ऱ्हास-स्थिरांक साधारण १०० × ६३२.८ / ८३३.३३, म्हणजे ७६ च्या घरात जातो. ६० नॅनोमीटर खोलीसाठी वाढत्या घातांकी पदाची किंमत १० चा १९ वा घात ओलांडते. थर २०० नॅनोमीटरचा असेल तर १० चा ६५ वा घात. डबल प्रिसिजनमध्ये सुमारे १६ अंक असतात. म्हणजे साधं ट्रान्सफर मॅट्रिक्स वापरलं तर ६० नॅनोमीटरलाच सगळे अर्थपूर्ण अंक वाहून जातात. त्याच गटाने १९९५ मध्ये थरांसाठी जी स्थिर रीत दिली ती वापरा किंवा सरळ स्कॅटरिंग मॅट्रिक्स (थरात येणाऱ्या तरंगांवरून बाहेर जाणारे तरंग देणारं) लिहा. खूण एकच: कोडमध्ये कुठेही धन घातांकाची एक्स्पोनेन्शियल मोजली जाता कामा नये, फक्त ऱ्हास पावणारी. एक जरी धन घातांक सापडला तरी तो बग समजा.

दुसरी जागा रेले कोनाची, म्हणजे एखादा क्रम पृष्ठाला समांतर होतो त्या कोनाची. तुमच्या मांडणीत +१ क्रम १३.९ अंशांवर क्षितिजाला टेकतो (साइन = १ − ०.७५९४) आणि −२ क्रम ३१.२५ अंशांवर उगवतो. अगदी नेमक्या त्या कोनावर त्या क्रमाचा उभा तरंगांक शून्य होतो आणि भागाकार फुटतो. कोन एक लक्षांश अंशाने सरकवा, एवढं पुरतं.

अर्ध्या अंशाची पायरी फार मोठी आहे. खड्डा पृष्ठ-प्लाझ्मॉनमुळे, म्हणजे धातूच्या पृष्ठाला चिकटून जाणाऱ्या तरंगामुळे, पडतो. सपाट सोने-हवा सीमेवर त्याचा परिणामी निर्देशांक १.०४५ येतो. त्यावरून खड्डे कुठे पडणार ते कोड चालवण्याआधीच कागदावर काढता येतं: +१ क्रमामार्फत साइन = १.०४५ − ०.७५९, म्हणजे १६.६ अंश, आणि −२ क्रमामार्फत २८.२ अंश. निव्वळ शोषणामुळे येणारी खड्ड्याची रुंदी सुमारे ०.६ अंश आहे, खोबणीच्या खोलीमुळे होणारी किरणोत्सर्जनाची रुंदी त्यात मिळते. अर्ध्या अंशाला एक बिंदू घेतला तर खड्ड्याचा तळ दोन बिंदूंच्या मध्ये हरवतो, आणि 'खड्डा हलतो आहे' असं वाटण्यात याचाही वाटा असणार. ०.०५ अंश ठेवा. उद्या चांदी घेतलीत तर रुंदी ०.१ अंशाच्याही खाली जाते, तेव्हा ०.०१.

रॉबर्ट वुड यांनी १९०२ साली धातूच्या ग्रेटिंगमध्ये हे पट्टे पहिल्यांदा नोंदवले तेव्हा उजेडातून अंधारात जाणं सोडियमच्या दोन रेषांमधल्या अंतराहून जास्त नसलेल्या जागेत होत होतं. ते अंतर ०.६ नॅनोमीटर. आकडेमोडीची जाळी विरळ ठेवून अशी गोष्ट पकडता येत नाही.

'बरोबर हे ओळखायचं कशावरून' याबद्दल. ऊर्जेची बेरीज ही अचूकतेची कसोटी नव्हेच, धातू असो की काच. शोषण नसलेल्या ग्रेटिंगमध्ये ही पद्धत पाच क्रम घेतले तरी बेरीज १ देते, प्रत्येक क्रमाची कार्यक्षमता साफ चुकलेली असली तरी. त्या बेरजेतून कोडमधली टंकनाची चूक सापडते, क्रम पुरेसे आहेत की नाही ते कळत नाही. टीएममध्ये पारगमनाच्या सूत्रात अपवर्तनांकाचा वर्ग येतो. तो राहिला तर बेरीज बिघडते, तेवढ्यासाठी ही चाचणी एकदा काचेवर करून घ्या.

त्याहून चांगली कसोटी व्युत्क्रमतेची, ती शोषण असतानाही लागू आहे. ३० अंशांवर प्रकाश टाकला तर −१ क्रम उलट बाजूला १५.०३ अंशांवर निघतो. आता १५.०३ अंशांवर प्रकाश टाका, −१ क्रम ३० अंशांवर निघेल. दोन्ही वेळच्या −१ क्रमाच्या कार्यक्षमता सारख्या यायला हव्यात, खोबणीचा आकार तिरपा असला तरी. क्रम −एम ते +एम असे तोडल्यावर या दोन गणितांत एका क्रमाचा फरक राहतो, म्हणून दोन उत्तरांतला फरक ही तुमच्या तोडण्याच्या चुकीची सरळ मोजणी ठरते. मला या कसोटीवर सगळ्यांत जास्त भरवसा वाटतो.

तिसरी कसोटी शोषणाची. १ वजा परावर्तित क्रमांची बेरीज हे एक उत्तर, आणि सोन्याच्या आत क्षेत्राचा वर्ग गुणिले स्थिरांकाचा काल्पनिक भाग याचं संकलन हे दुसरं. दोन्ही जुळली तर क्षेत्रही बरोबर. मात्र आडवं क्षेत्र फूरिये बेरजेने थेट रंगवू नका, भिंतीजवळ लहरी दिसतील. आधी विस्थापनाची बेरीज करा (ते अखंड आहे) आणि मग त्या बिंदूच्या स्थिरांकाने भागा.

---

यीचीजाळी

मीपबद्दल. करता येईल, पण या प्रश्नाला ते पहिलं हत्यार म्हणून घेऊ नका.

सोन्यात क्षेत्र २९ नॅनोमीटरमध्ये २.७ पट घटतं, तीव्रता १५ नॅनोमीटरमध्ये. हे पकडायला जाळी २ नॅनोमीटर किंवा बारीक हवी. प्लाझ्मॉनचा खड्डा अरुंद म्हणजे क्षेत्र बराच वेळ घुमत राहतं, म्हणून 'क्षेत्र हजारांश झालं की थांब' ही अट तोकडी पडते. दशलक्षांशापर्यंत जाऊ द्या आणि थांबण्याची अट बदलून खड्डा हलतो का ते बघा. तिरप्या आपतनात ब्लॉख अट (एक पिरियड ओलांडला की क्षेत्राची कला ठरावीक फरकाने बदलते) लावली की आडवा तरंगांक पक्का होतो, कोन नव्हे. एका पल्समधून निघालेल्या वर्णपटात प्रत्येक तरंगलांबीचा कोन वेगळा असतो. ते न ओळखता 'कोन १६ अंश, वर्णपट असा' असं लिहिलेलं पुष्कळदा दिसतं.

धातूचं प्रतिमान हाही भाग आहे. एकट्या ड्रूड पदाने (मुक्त इलेक्ट्रॉनांच्या) सोनं साधारण ६०० नॅनोमीटरच्या खाली जुळत नाही, कारण ५२० च्या आसपास आंतरपट्ट संक्रमणं सुरू होतात. ड्रूडबरोबर लॉरेंट्झ पदं (बद्ध इलेक्ट्रॉनांची) हवीत, आणि बसवलेल्या वक्रातून ६३२.८ ला स्थिरांक किती येतो ते छापून बघा. तो −११.७५ ऐवजी −१० आला तर प्लाझ्मॉनचा निर्देशांक १.०४५ चा १.०५४ होतो आणि खड्डा सुमारे अर्धा अंश सरकतो. मग दोन पद्धतींत फरक पडला म्हणून पद्धतींना दोष देण्यात अर्थ नाही, धातूच वेगळा आहे.

एफडीटीडीचा खरा उपयोग आकार वेडावाकडा असेल, मोजकीच खोबणी असतील किंवा नुसता खडबडीतपणा बघायचा असेल तेव्हा.

एक गोष्ट मात्र आरसीडब्ल्यूएवाल्यांनीही लक्षात घ्यावी. काटकोनी धातूच्या कडेवर क्षेत्र अनंताकडे जातं. प्रत्यक्षात कडा ५-१० नॅनोमीटर त्रिज्येने गोल असतात. कार्यक्षमतेवर याचा परिणाम बेताचा असतो, पण कडेवरच्या क्षेत्राचा कमाल आकडा जाळी किंवा क्रम वाढवाल तसा वाढतच जाईल. तो आकडा अहवालात देऊ नका, त्याला अर्थ नाही.

---

फूरियेमित्र

कडेचा मुद्दा बरोबर, आणि त्यातून एक सापळाही निघतो. धातूचा आणि शेजारच्या माध्यमाचा स्थिरांक यांचं गुणोत्तर −३ आणि −१/३ यांच्या मध्ये असेल आणि शोषण शून्य धरलं असेल, तर काटकोनी कडेवरचं क्षेत्र इतकं बिघडतं की योग्य नियम वापरूनही गणित एका उत्तरावर येत नाही. ली आणि ग्रॅने यांनी २०११ साली हे नीट दाखवलं. सोनं ६३२.८ वर −११.७५ आहे, त्यामुळे इथे चिंता नाही. चांदी हवेत साधारण ३७५ नॅनोमीटरपासून खाली या पट्ट्यात शिरते, पाण्यात तर ४१५ च्या आसपासच. 'सोय म्हणून' धातूचा काल्पनिक भाग शून्य करून चाचणी घेणारे नेमके इथे अडकतात. खरं शोषण ठेवा आणि कडा गोल करा.

नियम बदलल्यावरही शेवटचे अंक हवे तितक्या लवकर बसले नाहीत तर ग्रॅने यांची १९९९ ची अनुकूली अवकाश-विभेदन पद्धत बघा. त्यात निर्देशांक ताणून भिंतीपाशी नमुने दाट केले जातात. तुमच्या ६० नॅनोमीटरच्या उथळ खोबणीला ती लागू नये.

---

खोबणी१२००

मनापासून आभार. कंसाबाहेरचा 'ई' आणि 'व्ही' दोन्ही बदलले, गुणक सूत्राने काढले, चिन्ह उलटवलं, स्कॅटरिंग मॅट्रिक्स बसवलं. ३०० नॅनोमीटरच्या थराची चाचणी ९४.४ देते. टीएमचे आकडे आता स्थिर आहेत आणि 'नॅन' गेलं. −१ क्रमाची ३० आणि १५.०३ अंशांची जोडीही जुळते.

आता साइन आकाराचं. २० काप केले तर एक उत्तर, ४० केले तर थोडं वेगळं, आणि काप वाढवले की क्रमही जास्त लागतायत. हे असंच असतं का? आणि मोजमापाशी तुलना करताना नेमकं काय काय सांभाळायचं?

---

पन्हळीपृष्ठ

हो, धातूत टीएमसाठी हे असंच होतं. काप केले की गुळगुळीत उतार पायऱ्यांचा होतो, आणि प्रत्येक पायरीला एक नवी काटकोनी धातूची कड. टीएममध्ये त्या प्रत्येक कडेवर क्षेत्र उसळतं. खऱ्या साइन पृष्ठावर अशी उसळी नसते. पोपोव्ह, नव्हिएर, ग्राल्याक आणि तायेब यांनी २००२ मध्ये याची नीट तपासणी केली होती. काप वाढवले की पायऱ्या लहान होतात, पण त्या पकडायला क्रमही वाढवावे लागतात. दोन्ही एकत्र वाढवल्याशिवाय उत्तर बसत नाही. टीईमध्ये हा त्रास नाही, तिथे २० काप खुशाल घ्या.

साइनसाठी सी-पद्धत घ्या: शांदेझाँ, मेस्त्र आणि राऊल यांची, १९८० ची. तिच्यात निर्देशांकच असा बदलतात की पन्हळीचं पृष्ठ सपाट प्रतल होऊन बसतं. मग सीमा-अट एका सरळ रेषेवर लिहायची, काप नाहीत, पायऱ्या नाहीत. आयगेन मॅट्रिक्स दुप्पट आकाराचं होतं, पण ६० नॅनोमीटर खोली आणि ८३३ नॅनोमीटर पिरियडला −१५ ते +१५ क्रम सहसा पुरतात. सोन्यावर त्याच आकाराचा आणखी एक पातळ थर असेल तर तोही त्याच निर्देशांकात बसतो.

लिहिताना दोन ठिकाणी काळजी घ्या. पन्हळीच्या वर बाहेर जाणाऱ्या प्रसारित क्रमांसाठी संगणकाने दिलेले आयगेन सदिश घेण्यापेक्षा रेले तरंगांचे प्रक्षेप थेट सूत्राने (बेसेल फलनांत) घालावेत. हवेतल्या वास्तव आयगेन मूल्यांपैकी कोणतं प्रसारित क्रमाचं आणि कोणतं तोडण्यामुळे आलेलं, हे ओळखण्याची कटकट त्यामुळे वाचते. दुसरं म्हणजे वर जाणारे आणि खाली जाणारे मोड वेगळे करताना काल्पनिक भागाच्या चिन्हावर आंधळेपणाने विसंबू नका. ते १० चा −१२ वा घात असेल तर ते चिन्ह नव्हे, अंक तोडण्याच्या (राउंड-ऑफ) चुकीचा कचरा आहे. मोजून बघा: वरचे आणि खालचे मोड संख्येने अगदी सारखे यायला हवेत.

सी-पद्धतीला उभी भिंत आणि आत वळलेला आकार चालत नाही. आयताकृती खोबणीला तुमचा दुरुस्त झालेला कोडच योग्य. म्हणजे दोन कोड ठेवा, आणि शक्य असेल तिथे एकाच रचनेवर दोन्ही चालवून तुलना करा, उदाहरणार्थ ७० अंश उताराचा समलंब आकार. स्वतंत्र दोन पद्धती तिसऱ्या दशांशापर्यंत जुळल्या की मग पुढचा फरक धातूत आणि आकारात शोधायचा.

---

कोनमापी

मोजमापाकडून सांगतो.

सगळ्यांत आधी धातूचा स्थिरांक. जॉन्सन-क्रिस्टींचे आकडे १९७२ च्या, त्यांनी स्वतः केलेल्या पातळ थरांचे आहेत. तुमचा थर वेगळ्या दाबाला, वेगळ्या वेगाने बसलेला असतो, कणांच्या सीमा जास्त असतात, आणि काल्पनिक भाग बहुधा वाढलेला असतो. ग्रेटिंगवर सोनं चढवताना त्याच फेरीत शेजारी सपाट काचेचा किंवा सिलिकॉनचा तुकडा ठेवा आणि त्यावर एलिप्सोमेट्री (परावर्तनात ध्रुवण किती बदलतं यावरून अपवर्तनांक काढणं) करा. आकडेमोडीत तेच आकडे घाला. ॲल्युमिनियमची ग्रेटिंग असेल तर वरचा २-४ नॅनोमीटरचा ऑक्साइड थर अतिनील भागात धरायलाच हवा. आणि ८०० नॅनोमीटरच्या आसपास ॲल्युमिनियमचा निर्देशांक झपाट्याने बदलतो, तिथे विरळ तक्त्यातून सरळ रेषेने मधले आकडे काढू नका.

जाडी: १०० नॅनोमीटर सोन्यातून तीव्रतेचा सुमारे हजारांश भाग पार जातो, २०० मधून काहीच नाही. १०० च्या खाली असाल तर खालचा रेझिन किंवा काच मॉडेलमध्ये घ्या. धातू चढल्यावर खोबणीचा आकार मूळ रेझिनसारखा राहत नाही. वरचा माथा जाड होतो आणि भिंतींवर धातू पातळ बसतो, म्हणून खोली धातू चढल्यानंतर मोजा. एएफएमच्या (टोकदार सुईने पृष्ठ चाचपणारा सूक्ष्मदर्शक) टोकाची त्रिज्या १० नॅनोमीटरच्या घरात असते आणि ते शंकूसारखं असतं. उथळ साइनला त्याने फरक पडत नाही, पण उभ्या भिंतीची खोबणी त्यात हमखास उतरती दिसते. तिथे छेद घेऊन एसईएमच (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) करावं लागतं.

आता किरण. सोन्यावरचा प्लाझ्मॉन सुमारे १० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण १२ खोबणी एवढाच पुढे जातो. त्यामुळे १ मिलिमीटरचा लेसर किरण मॉडेलमधल्या अनंत सपाट तरंगासारखाच वागतो. पण समोर १०० मिलिमीटरचं भिंग लावून तो नाभीत आणलात की शंकूचा कोन ०.५७ अंश होतो, जवळजवळ खड्ड्याच्या रुंदीएवढा. मग खड्डा उथळ आणि रुंद दिसतो आणि लोक सोन्याचा काल्पनिक भाग वाढवून तो 'जुळवतात'. भिंग काढा. ठेवायचंच असेल तर मॉडेलचा वक्र त्या कोनपट्ट्यावर सरासरी करून मग तुलना करा.

ध्रुवक बसवताना शून्य हाताने लावू नका. ग्रेटिंग १६.६ अंशांवर ठेवा, शून्याव्या क्रमाचं वाचन बघत ध्रुवक फिरवा आणि किमान सापडतं तिथे थांबा. ते टीएम. तिथून ९० अंश म्हणजे टीई. ध्रुवक ५ अंश चुकला तर साइन-वर्गाने ०.८ टक्के टीई मिसळतं. खड्ड्याचा तळ शून्याजवळ असेल तर एवढ्यानेही तळ वर उचललेला दिसतो. १९७६ मध्ये हटली आणि मेस्त्र यांनी उथळ सोन्याच्या ग्रेटिंगवर जवळजवळ संपूर्ण शोषण दाखवलं होतं. तसा खोल तळ मोजायचा तर ध्रुवकाचा विलोपन-गुणक (हव्या आणि नको त्या ध्रुवणाच्या पारगमनाचं गुणोत्तर) १०००:१ तरी असावा.

रेषा आपतन प्रतलाला खरोखर लंब आहेत का तेही बघा. सगळे क्रम एकाच आडव्या रेषेत पडायला हवेत. ते कमानीत पडत असतील तर मांडणी शंकूसारखी झाली, टीई आणि टीएम एकमेकांत मिसळले, आणि तुमचा एकमितीय कोड त्या मांडणीचा राहिलाच नाही.

उरतो क्रमांच्या मधला विखुरलेला प्रकाश. आरसीडब्ल्यूए आणि सी-पद्धत दोन्ही फक्त क्रम देतात. मधलं धुकं तुमच्या मॉडेलमध्ये मुळात नाही, आणि १ वजा क्रमांची बेरीज मोजून त्याला सरळ 'शोषण' म्हणालात तर ते धुकंही त्यात धरलं जातं. अंदाजासाठी सपाट पृष्ठाचं सूत्र: (४ × पाय × खडबडीतपणा × कोसाइन(कोन) / तरंगलांबी) याचा वर्ग. लंब आपतनाला २ नॅनोमीटर आरएमएस खडबडीतपणाला ०.१६ टक्के, ५ नॅनोमीटरला जवळजवळ १ टक्का. प्लाझ्मॉनच्या कोनावर पृष्ठावरचं क्षेत्र वाढलेलं असतं, म्हणून तिथे धुकं या अंदाजाच्या वर जातं. शोधक क्रमाच्या जागेवरून दोन-तीन अंश बाजूला सरकवून, मोठ्या छिद्राने (ॲपर्चर), खड्ड्याच्या कोनावर आणि त्यापासून ५ अंश दूर, अशी दोन वाचनं घ्या. फरक दिसला तर तो शोषणातून वजा करायचा आहे.

होलोग्राफिक ग्रेटिंगमध्ये हे धुकं कमी असतं. यंत्राने कोरलेली असेल तर कोरण्याच्या स्क्रूच्या ठरावीक चुकीमुळे मुख्य क्रमाच्या दोन्ही बाजूंना भूतरेषा पडतात. त्या मॉडेलमध्ये आणायच्या तर पिरियड एका खोबणीऐवजी त्या चुकीच्या आवर्तनाएवढा मोठा घ्यावा लागतो, आणि क्रमांची संख्याही तितक्याच पटीने वाढवावी लागते. १० खोबण्यांची महापेशी घेतली तर −३० ते +३० ऐवजी −३०० ते +३००. मॅट्रिक्स ६०१ बाय ६०१, साध्या संगणकावर सहज होतं. ५०० खोबण्यांचं आवर्तन असेल तर त्या वाटेला जाऊ नका. तिथे एका खोबणीकडून येणाऱ्या तरंगाचा आयाम आरसीडब्ल्यूएने काढा आणि खोबण्यांच्या जागेतली चूक साध्या फूरिये बेरजेत घाला.